हलगीवरची लिंक

आदिनाथ घाबरट होता. हे मी त्याच्या माघारी सांगत नाही. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी हे त्याच्या तोंडावर सांगत आलो आणि तोही मान हलवून 'हाव अप्पा' म्हणत आला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड कधीच पोळलेलं नव्हतं, तरी हा साधं पाणी फुंकून प्यायचा. ऑफिसला कुलूप लावून आम्ही बसस्टँडपर्यंत पोहोचलो की याचे पाय अडखळायचे. मग मागं जाऊन कुलूप ओढून बघायचा आणि धापा टाकत परत यायचा. तोवर माझी उदगीरची बस निघून गेलेली असायची आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

मी शरणप्पा कोरे. मूळचा उदगीरचा, आता निवृत्त होऊन लातुरात मुलाकडे राहतो. नोकरीची शेवटची वर्षं नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी, तहसील ऑफिसात अव्वल कारकून म्हणून काढली. तालुक्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. मांजरेच्या काठचा आहे, एवढं पुरे. कपाळाला विभूती आणि नाकावर राग, ही माझी ऑफिसातली ओळख. माझ्या रागाला शिपाई भीत नसे, साहेब भीत नसत, घरी बायको तर हसायची. भीत होता तो एकटा आदिनाथ. म्हणून तो मला आवडायचा, हे आज कबूल करतो.

तो आमच्याकडे कंत्राटी ऑपरेटर होता. दर अकरा महिन्यांनी त्याचा नवा आदेश निघायचा आणि आदेश हातात पडेपर्यंत आठ दिवस त्याला जेवण जात नसे. त्याचं गाव पिंपळथडी, तालुक्यापासून अठरा किलोमीटरवर, अगदी नदीला टेकलेलं. घरी बायको सिंधु, सहा वर्षांची साक्षी आणि बाप दगडोबा. दगडोबा गावचा कोतवाल होता. हलगी वाजवून दवंडी देण्यात त्याची हयात गेली. रेशनचं धान्य आलं, लसीची गाडी आली, नदीला पाणी सुटलं, काहीही असो, हलगी घेऊन म्हातारा चौकाचौकात उभा राहायचा. नदीच्या बाबतीत त्याचा एक नेम होता. महादेवाच्या देवळाला नदीत उतरणाऱ्या बावीस पायऱ्या आहेत. त्यातल्या किती पाण्याखाली गेल्या हे स्वतः खाली जाऊन मोजल्याशिवाय तो हलगीला हात लावत नसे. तहसीलदाराचा निरोप आलेला असला तरी आधी पायरी, मग हलगी.

लहानपणी आदिनाथ बापाच्या मागं मागं फिरायचा. एकदा डबा खाता खाता मला म्हणाला, "अप्पा, हलगी वाजली की दारं उघडायची. आबा बोलायचे अन् समदं गाव हालायचं. मला लई भ्या वाटायचं. एका माणसाच्या तोंडात एवढं कसं काय ठेवतेत लोक?"

मी म्हणालो होतो, गप भाकरी खा.

आता कॉम्प्युटरचं सांगतो. ऑफिसात पीपीटी सगळेच करतात, म्हणजे मागच्या वर्षीची उघडतात, साल बदलतात, साहेबांचं नाव बदलतात आणि पुढं ढकलतात. आदिनाथची गोष्ट वेगळी होती. स्लाइडवरच्या एखाद्या चित्राला लिंक लावून त्यावरून दुसराच प्रोग्रॅम सुरू करता येतो, हे त्यानं कुठून तरी शिकून घेतलं होतं. पावसाच्या स्लाइडवर ढगाचं चित्र, ते दाबलं की एक्सेलमधला पावसाचा तक्ता उघडणार. गावांच्या स्लाइडवर नकाशाचं चित्र, ते दाबलं की नकाशाचा प्रोग्रॅम. साहेबांना पीपीटी बंद करून फाइली हुडकत बसावं लागत नसे. पहिल्यांदा नांदेडला बैठकीत मात्र त्याची फजिती झाली. त्यानं पेनड्राइव्हवरून लिंका लावल्या होत्या. तिथल्या कॉम्प्युटरनं त्या पेनड्राइव्हला दुसरंच अक्षर दिलं आणि एकही लिंक उघडेना. तेव्हापासून तो ऑफिसचा लॅपटॉप छातीशी धरूनच बाहेर पडायचा.

पुढं जिल्ह्यावरून पुराचा इशारा देणारा एक प्रोग्रॅम आला. त्यात आवाज भरून ठेवायचा, फोन नंबरांची यादी टाकायची आणि सुरू केला की यादीतल्या सगळ्या फोनवर एकदम कॉल जाऊन तो आवाज ऐकू येतो. आधी त्यात शुद्ध मराठीतला एका बाईंचा आवाज होता. लोकांना तो मोबाइल कंपनीचा वाटायचा आणि ते कट करायचे. म्हणून साहेबांनी आदिनाथलाच बोलायला लावलं. तो थरथरत बोलला, पण बोलला बापासारखा.

"नदीकाठच्या समद्या लोकांनी ऐकावं. पाणी सुटलंय. लेकरं, म्हातारी माणसं घेऊन माळावर जावा. म्या आदिनाथ दगडोबा, तहसीलातून बोलून राहिलो."

त्या दिवसापासून काठावरच्या चौदा गावांत त्याचा आवाज चालू लागला. लोक त्याच्या एका कॉलवर उठून चालू पडायचे. आणि तो जास्तच घाबरू लागला.

प्रशिक्षणाच्या पीपीटीत त्यानं यासाठी हलगीचं चित्र टाकलं. बापाच्याच हलगीचा फोटो होता तो. त्या चित्राला प्रोग्रॅमची लिंक लावली. प्रशिक्षण असलं की खरी यादी बाजूला काढून तो पाच नंबरांची यादी टाकायचा. साहेबांचा, माझा, त्याचा स्वतःचा आणि आणखी दोघांचा. हलगी दाबली की हॉलमधले पाच फोन एकदम वाजायचे, लोक टाळ्या वाजवायचे. साहेबांना हे भारी आवडायचं. कंधारहून, उमरीहून कुणीही पाहुणा आला की 'आदिनाथ, ती हलगी दाखव'.

पण दाबलं की आधी एक पेटी यायची. हा प्रोग्रॅम धोकादायक असू शकतो, सुरू करायचा का, असं विचारणारी. साहेबांना भर सभेत त्या पेटीला हो म्हणणं अपमानाचं वाटायचं. त्यांनी मला सांगितलं, मी आदिनाथला सांगितलं की ती पेटी काढून टाक.

तो म्हणाला, "अप्पा, ती पेटी म्हंजे दारातलं कुत्रं हाय. भुंकतंय म्हणून हाकलू नये."

मी ऐकलं नाही. त्यानं सेटिंगमध्ये खोल कुठंतरी जाऊन पेटी बंद केली. मग दुसरी तक्रार आली. साहेबांचं बोट चित्राच्या बाजूला पडायचं आणि हलगी वाजायच्या ऐवजी स्लाइडच पुढं जायची. लोक हसायचे. पुन्हा साहेबांनी मला झापलं, मी आदिनाथला. त्यानं लिंक अशी करून दिली की दाबायची गरजच नाही, माउसचा बाण नुसता चित्रावर गेला तरी प्रोग्रॅम सुरू. हे करताना त्याच्या कपाळावर घाम होता. मी म्हणालो, अरे चित्र आहे ते, वाघ नाही.

त्यानं त्यावर स्वतःपुरता एक तोडगा काढला. खरी यादी आत असली की फाइलीला बांधतो तो लाल नाडा तो लॅपटॉपच्या झाकणाला बांधून ठेवायचा. पाचाची यादी टाकली की नाडा सोडायचा. नाडा दिसला की लॅपटॉपला कुणी हात लावायचा नाही, हे त्यानं मनाशी ठरवलं होतं. ऑफिसात कुणाला सांगितलं होतं का? बहुतेक सांगितलं असेल. मला तर नक्की सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल. मनगटाला गंडा, खिशात अंगारा, मोटारसायकलला लिंबू असा तो माणूस. हाही त्यातलाच एखादा दोरा, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी सप्टेंबरात वरच्या धरणातून पाणी सोडलं. आदिनाथनं खरा इशारा दिला आणि पिंपळथडीसकट सगळी गावं माळावर गेली. दुसऱ्या दिवशी नदी उतरली, लोक घरी परतले. पण पुन्हा पाणी सुटलं तर हाताशी असावी म्हणून खरी यादी आतच राहिली. झाकणाला लाल नाडा होता. आदिनाथ तीन दिवस ऑफिसातच मुक्कामाला होता. टेबलावर झोपायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला सिंधुचा फोन आला. मी शेजारीच होतो. फोन ठेवून तो सांगत होता की नदी खाली आहे, पण पहाटे माळाच्या वरच्या अंगाला ढगफुटीसारखा पाऊस झालाय आणि गावाजवळचा ओढा दुथडी भरून चाललाय. दुधाची गाडी आली नाही, शाळा बंद आहे. तुम्हांला समजावं म्हणून सांगतो, पिंपळथडी आणि माळ यांच्या मधोमध हा ओढा आहे. नदीला पूर येणार असेल तर ओढ्यात पाणी चढायच्या आधीच माळावर जायचं असतं. त्या दिवशी उलटं होतं. गाव सुखरूप होतं आणि माळाकडं निघणं म्हणजे मरण होतं. आदिनाथनं सिंधुला फोनवरच बजावलं होतं की पोरीला घेऊन घराबाहेर पडू नको.

अकराच्या सुमाराला लातूरहून चार अधिकारी पुराची पाहणी करत आमच्याकडे अचानक आले. चहा झाला, आणि साहेबांना हलगी आठवली. आदिनाथ त्या वेळी मागच्या खोलीत अडकलेला प्रिंटर खोलून बसला होता. साहेब म्हणाले, अप्पा, लॅपटॉप लावा, तो येईल. मी लॅपटॉप उचलला. झाकणाला मळका लाल नाडा. पाहुण्यांसमोर हे काय, म्हणून मी तो गाठ सोडून ओढून काढला आणि माझ्या हातातल्या फाइलीला गुंडाळून टाकला. दोन सेकंदांचं काम.

साहेबांनी माउस हातात घेतला. ढग झाला, नकाशा झाला. तेवढ्यात आदिनाथ दारात आला. हाताला शाई लागलेली. त्यानं लॅपटॉपकडं पाहिलं, मग माझ्या काखेतल्या फाइलीकडं पाहिलं. भिंतीला घासत तो माझ्यापर्यंत आला.

"अप्पा, नाडा," तो कुजबुजला. "यादी खरी हाय आत."

मला त्यातलं फक्त 'नाडा' ऐकू आलं. खरं सांगतो, पुढचंही ऐकू आलं असावं, पण डोक्यात शिरलं नाही. पाहुणे मागं वळून पाहायला लागले होते.

"गप बस," मी म्हणालो.

तो गप बसला. पडद्यावर हलगीची स्लाइड आली. मी त्याच्याकडं पाहिलं तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. नंतर कितीदा तरी मी ते तोंड आठवून पाहिलंय. चौदा गावं हलवणारा आवाज त्याच तोंडातला होता, आणि चार साहेबांपुढं, माझ्यापुढं, तो बाहेर पडेना. पांढरा बाण पडद्यावर सरकत सरकत चित्राकडं गेला आणि हलगीवर टेकला.

काहीच झालं नाही. फोन वाजले नाहीत. साहेब हसून म्हणाले, नेट हळू आहे. बाण बाजूला नेला, पुन्हा हलगीवर आणला. शांतता. पाहुण्यांपैकी एकानं जांभई दिली. साहेबांनी चिडून तिसऱ्यांदा बाण फिरवला. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक आकडा पळत होता. तो कुणी पाहत नव्हतं, आदिनाथ सोडून.

मग तो ओरडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. शब्द नव्हते, नुसती किंकाळी होती. खुर्च्या ढकलत पुढं गेला आणि लॅपटॉपला लावलेली नेटची तार त्यानं उपटली. उपयोग नव्हता. कॉल पुढं निघून गेले होते. दोन हजारांहून जास्त फोनांवर, तीन-तीनदा, त्याचाच आवाज सांगत होता की पाणी सुटलंय, माळावर जावा.

मला आता समजलं. साहेबांनाही समजलं. ते मोठे माणूस, ओरडत बसले नाहीत. चुकून गेलं म्हणून लगेच दुसरा कॉल पाठव, म्हणाले. आदिनाथनं तार परत लावली, आवाज भरला, प्रोग्रॅम सुरू केला. उत्तर आलं की आजच्या कॉलची मर्यादा संपली. तीन वेळच्या हलगीत दिवसाचे सगळे कॉल संपले होते. सरपंच, पोलीस पाटील, ज्याला लावावा त्याचा फोन व्यस्त. सगळं गाव एकमेकांना फोन करत होतं. आदिनाथ सिंधुला लावत होता. तिचा लागतच नव्हता. बापाला लावला, तो वाजून वाजून बंद झाला.

दुसऱ्या गावांना ओढा आडवा नव्हता, तिथं लोक फार तर भिजतील. भीती होती पिंपळथडीची. साहेब फोनवर बसले आणि आम्हा दोघांना जीप दिली.

अठरा किलोमीटर आदिनाथ फोन कानाला लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. मी देवाचं नाव घेत होतो. पंचाक्षरी मंत्र आयुष्यभर म्हटला, पण त्या दिवशी मध्येच विसरायचो आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायचो. भीती मला ठाऊक होती असं मला वाटायचं. साहेबांची, ऑडिटची, बदलीची. ती भीती नव्हतीच. भीती म्हणजे आपल्या हातून झालेलं आपल्या पुढं धावत असतं आणि आपली जीप खड्ड्यांतून चाललेली असते.

रस्ता माळावरूनच जातो. पुराच्या वेळी गाव जिथं येऊन थांबतं ती शाळा लागली. फाटकाला कुलूप, पटांगणात कुणी नाही. आम्ही पुढं ओढ्यापाशी उतरलो. पूल दिसतच नव्हता. त्याच्या जागी लाल पाणी उसळत होतं, बाभळीच्या फांद्या, कडबा, कुणाचं तरी प्लास्टिकचं पिंप घेऊन. पलीकडच्या काठावर गाव उभं होतं. गाठोडी, लेकरं, शेळ्या. आणि गावाच्या पुढं, उताराच्या तोंडावर, आडवा उभा राहून दगडोबा हलगी वाजवत होता.

नंतर कळलं ते इथंच सांगतो. कॉल आल्यावर गाव निघालं. म्हातारा मात्र नेमाप्रमाणे देवळाखाली गेला. पायऱ्या मोजल्या, तर पाणी कालच्यापेक्षा चार पायऱ्या खाली. तो गुडघे धरत वर आला, हलगी घेतली आणि ओढ्याच्या उतारावर जाऊन उभा राहिला. लोक म्हणत होते, आदिनाथनं तीनदा सांगितलंय. म्हातारा म्हणत होता, मी पायरी मोजलीय, कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. पाऊण तास तो तसा वाजवत उभा होता.

आदिनाथ पाण्याच्या कडेला गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला की पाणी सुटलेलं नाही, माघारी जा. ओढ्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू येईना. तो घसा फुटेस्तोवर ओरडत राहिला. शेवटी बापानं त्याचे हातवारे पाहिले. हलगी थांबली. मग म्हाताऱ्यानं गावाकडं तोंड करून दवंडी दिली. गाठोडी खाली उतरली. मला तिथंच चिखलात बसावंसं वाटलं. सुटलो, असं मी मोठ्यानं म्हणालोही.

पण आदिनाथ त्या गर्दीत डोळे फाडून बघत होता. सिंधु दिसत नव्हती. त्यानं हातानं विचारलं, बायको कुठं, पोरगी कुठं. म्हाताऱ्यानं हलगीची काडी उचलली आणि आमच्याकडं, माळाकडं दाखवली. त्याला वाटत होतं, ती आमच्याजवळच आहे. तो देवळाखाली असतानाच ती निघाली होती. सगळ्यांच्या आधी.

शाळेला तर कुलूप होतं. वाटेत कुणी दिसलं नव्हतं.

मी पाण्याकडं पाहिलं. थोडं खाली एका बाभळीला गुलाबी काहीतरी अडकून हेलकावे खात होतं. शाळेचं दप्तर होतं. आदिनाथनंही ते पाहिलं. तो पाण्यात उतरायला निघाला आणि मी त्याला मागून मिठी मारली. एवढासा माणूस, पण मला आणि जीपच्या ड्रायव्हरला आवरेना. तो साक्षीचं नाव घेत नव्हता, सिंधुचं घेत नव्हता. एकच बडबडत होता, मीच बोलावलं, मीच बोलावलं.

ड्रायव्हरनं त्याला धरून ठेवलं आणि मी काठाकाठानं खाली पळालो. साठीला टेकलेला माणूस, जोडे चिखलात गेले. कुठं काही नव्हतं. परत फिरलो ते शाळेच्या मागून. शाळेमागं खिचडी शिजवायची पत्र्याची शेड आहे. तिच्या आडोशाला, चुलीच्या दगडाला पाठ लावून सिंधु बसली होती. गळ्यापर्यंत चिखल. डाव्या हाताचं सालपट निघालेलं. पुलाच्या कठड्याची तार धरून ती पार झाली होती. मांडीवर साक्षी, पदरात गुंडाळलेली, दात वाजत होते. जिवंत होत्या. मी तोंडावर हात घेऊन रडलो, सांगायला लाज वाटत नाही.

माझ्या हाकेवर आदिनाथ धावत आला. तो त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसला. सिंधुनं त्याच्याकडं जरा चमकून पाहिलं. तिला वाटलं होतं, बोलावलं म्हणजे तो तिच्या आधीच माळावर येऊन थांबलेला असणार.

"सकाळी तुमीच म्हणलात, बाहेर पडू नको," ती म्हणाली. "पुन्हा तुमचाच आवाज आला. म्हणलं, तसंच काही असल्याबिगर बोलवायचे न्हाईत. पहिल्याच फोनला निघाले."

तो पोरीचे पाय दोन्ही हातांत धरून चोळत राहिला. ज्यांचा त्याच्यावर थोडा कमी भरवसा होता ते काठावर थांबले होते. जिचा पुरा होता ती पाण्यात उतरली होती.

चारच्या सुमाराला ओढा उतरला आणि दगडोबा काठी टेकत अलीकडं आला. नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग पोराकडं वळला. म्हाताऱ्याला एका डोळ्यानं दिसत नाही, तरी त्यानं नजर रोखलीच.

"पायरी मोजली व्हती का रं?"

आदिनाथनं मान हलवली, नाही.

"मग हलगीला हात कुणी लावला?"

मी तिथंच उभा होतो. काखेतली फाइल जीपमध्ये होती, तिला तो नाडा होता. पेटी कुणी काढायला लावली, नाडा कुणी सोडला, गप कुणी बसवलं, सगळ्याचं उत्तर मी होतो. आदिनाथला ते पुरतं ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"म्या गप बसलो, आबा," तो म्हणाला.

आणि मी तेव्हाही काही बोललो नाही. अकरा वर्षं ज्याला घाबरट म्हटलं, त्याच्या बापापुढं उभं राहून मला एक वाक्य बोलता आलं नाही.

पुढं चौकशी झाली. लेखी खुलाशात मी सगळं खरं लिहिलं. कागदावर मी आधीपासूनच शूर आहे. मला ताकीद मिळाली आणि पाच महिन्यांनी मी निवृत्त झालो. आदिनाथचा आदेश त्या वर्षी निघाला, साहेबांनी त्यासाठी शब्द टाकला. निरोपाच्या दिवशी मी त्याला बाजूला घेऊन तो लाल नाडा परत दिला. म्हणालो, हा मी सोडला होता.

"मला दिसला व्हता, अप्पा, तुमच्या फाइलीला," तो म्हणाला आणि नाडा घडी घालून खिशात ठेवला.

त्याच्या पीपीटीत हलगीचं चित्र अजून आहे म्हणे, पण त्याला आता कसलीच लिंक नाही. बाण कितीही फिरवा, काही होत नाही. इशारा द्यायचा असला की तो आधी बापाला फोन करतो. म्हातारा पायऱ्या मोजून आकडा सांगतो, मग हा प्रोग्रॅम उघडतो. आणि सिंधु आता पहिल्या फोनला निघत नाही. आधी उलट फोन लावून विचारते, खरंच तुम्हीच का? तो हो म्हणतो, तेव्हा निघते. हे त्यानंच मला सांगितलं.

पाच नंबरांच्या यादीतून माझा नंबर त्यानं काढलेला नाही. दर जूनमध्ये चाचणीचा कॉल लातुरात माझ्या फोनवर येतो. सून स्वयंपाक करत असते, नातू टीव्ही बघत असतो. मी फोन कानाला लावतो. 'ही फक्त चाचणी हाय, कुणी जागचं हलू नये. म्या आदिनाथ दगडोबा बोलून राहिलो.' सांगतो तो हलू नका म्हणून, आणि दर वेळी मी उठून उभा राहिलेला असतो.